आईच्या खोलीतला कॉम्प्युटर

आईला झटका आला तो एका सोमवारी सकाळी, कामावर निघताना. ती दारात उभी राहून चप्पल घालत होती. उजवा पाय चप्पल शोधत राहिला, त्याला ती सापडेना, आणि ती तिथेच उंबऱ्यावर बसली. मला वाटलं चक्कर आली. पाणी घेऊन गेलो तर ते ओठाच्या एका कडेने गळून गेलं.

ती अठरा वर्षं गुलाबाच्या पॉलिहाउसमध्ये कामाला होती. फुलं तोडायची, दांड्यांचे काटे काढायचे, लांबीप्रमाणे जुड्या बांधायच्या. वडील गेले तेव्हा मी आयटीआयला होतो. त्यानंतर तिनेच घर चालवलं. दवाखान्यातून वीस दिवसांनी तिला बेगडेवाडीला घरी आणलं तेव्हा उजवा हात, उजवा पाय आणि वाचा गेली होती. वाचा गेली म्हणजे एक शब्द शिल्लक राहिला होता. 'व्हय.' पाणी हवं का विचारलं तरी व्हय, नको का विचारलं तरी व्हय. डॉक्टर म्हणाले, "असं होतं कधीकधी. एखादा शब्द मागे राहतो. त्याचा अर्थ लावत बसू नका."

मी तेव्हा तळेगावला एका लहान टूलरूममध्ये ड्रॉइंगचं काम करत होतो. प्लॅस्टिकच्या वस्तू ज्या साच्यातून निघतात त्या साच्यांची ड्रॉइंगं. बायको उर्से गावाजवळ औषधांच्या पॅकिंगला जायची. ती नोकरीत कायम होती, मी नव्हतो. माझं काम घरून होण्यासारखं होतं, तिचं नव्हतं. त्यामुळे घरी कोणी थांबायचं हे आम्ही ओट्याशी उभ्या उभ्या पाच मिनिटांत ठरवलं. आम्हाला मूल नाही, त्यामुळे बाकी कोणाचा विचार करायचा नव्हता. चाळीतल्या एक-दोघींनी बायकोला ऐकवलं की सासूचं करायला मुलगा बसला आणि सून कामाला चालली. ती सकाळी आठच्या कंपनीच्या बसने जायची, संध्याकाळी सहाला यायची आणि आल्यावर पर्स ठेवायच्या आधी आईची कूस बदलायची.

पहिले चार दिवस आईचे कपडे बदलताना मी डोळे मिटून घेतले. पाचव्या दिवशी मिटले नाहीत, कारण डोळे मिटून ते काम नीट होत नाही. आई त्या वेळी भिंतीकडे बघायची.

आमच्या दोनच खोल्या. पुढच्या खोलीत आईची लोखंडी कॉट, तिच्या पायाशी माझं टेबल. मध्ये एक माणूस तिरका होऊन जाईल एवढीच जागा. मोठा कॉम्प्युटर ठेवायला जागा नव्हती, म्हणून मी तो नवा लहान प्रकार घेतला. जेवणाच्या डब्याएवढा चौकोनी डबा, मॉनिटरच्या मागे लावून टाकता येतो. दुकानदाराने तो तळहातावर ठेवून दाखवला होता. ड्रॉइंग काढेपर्यंत त्याची काही तक्रार नसायची. पण साचा तयार झाला की वितळलेलं प्लॅस्टिक त्यात कसं भरेल, कुठे अडेल, याचा हिशोब कॉम्प्युटरकडून करून घ्यावा लागतो. त्याला चाळीस मिनिटं लागत, कधी तास, आणि असे दोन-तीन हिशोब मी एकामागून एक दुपारीच लावायचो, आई जेवून पडली की. ते काम लावलं की दोन मिनिटांत डबा तापायचा आणि आतला तो बांगडीएवढा पंखा किंचाळायला लागायचा. शेजारच्या घरात मिक्सर लावून बाई विसरून गेली असावी तसा आवाज. डब्याच्या झाकणाला बोट लावून ठेवता येत नसे. त्यात आईला वारं सोसत नव्हतं म्हणून छताचा पंखा आम्ही बंदच ठेवत असू. मे महिन्यात त्या खोलीत डबाही तापायचा आणि आम्हीही.

आईला हाक मारता येत नव्हती. आम्ही तिच्या उशाशी बेल बसवली, बटण डाव्या हातात दिलं. ती ते उलटसुलट करून बघायची आणि बाजूला ठेवायची. पितळी घंटी दिली तर ती हातातून सुटायची. तिने स्वतःच एक रीत काढली. डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं हाड कॉटच्या पायपावर वाजवायचं. टक, टक. पाणी हवं असलं, लघवी झाली, पाय अवघडला, सगळ्याला तेच. मी उठून जायचो आणि काय हवंय ते एकेक करून बघायचो.

मेच्या शेवटी एका दुपारी मी एका झाकणाच्या साच्याचं काम लावलं होतं. आई जेवून पडली होती. तिचा डोळा लागलाय असं मला वाटलं. पंखा ओरडत होता आणि मी पुढचं ड्रॉइंग काढत होतो, तिच्याकडे पाठ करून. पाऊण तासाने हिशोब संपला आणि पंखा हळूहळू उतरला. तेव्हा टक ऐकू आलं. एकदाच. मग थोड्या वेळाने अजून एक.

वळलो तर कॉटवर आई नव्हती. ती कॉट आणि भिंतीच्या फटीत सरकली होती. खांदा खाली, निकामी हात अंगाखाली दुमडलेला, चेहरा भिंतीला चिकटलेला. डावा हात तेवढा वर पायपापाशी होता. मधल्या बोटावरचं कातडं गेलं होतं आणि पायपावरच्या हिरव्या रंगावर रक्त वाळलं होतं. साडी ओली होती. ओल वाळत आली होती, त्यावरून मला कळलं की ती बराच वेळ तिथे आहे. मी कॉट ओढली, तिला उचललं. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "व्हय."

संध्याकाळी बायको आली. तिने आधी बोटाची पट्टी बघितली, मग खांदा बघितला, मग विचारलं, "तुम्ही कुठे होता?"

"इथेच. टेबलाशी."

"मग ऐकू नाही आलं?"

"पंखा चालू होता."

तिने वर छताकडे बघितलं. मग मी मॉनिटरच्या मागे बोट दाखवलं. ती त्या डब्याकडे बघत राहिली. "एवढ्याशाचा?" म्हणाली आणि आत जाऊन कणीक मळायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी कॉट भिंतीपासून हलवली आणि एका बाजूला फळी बांधली. पण मूळ गोष्ट तीच होती, मला ऐकू यायला हवं होतं. मी तो डबा जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून बघितला. आवाज कमी झाला आणि वीस मिनिटांत कॉम्प्युटर आपोआप बंद पडला. लांब वायर आणून स्वयंपाकघरात ठेवला, तर तिथे गॅसची धग. त्याला उंच केलं, बाटलीची चार बुचं खाली लावली, ब्रशने धूळ काढली. थोडा फरक पडला, पुरेसा नाही. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, लहान मशीन आहे. सगळ्यांचा असाच वाजतो."

मग मला कुरवंड्याचे आबा आठवले.

आबा माझ्या पहिल्या नोकरीत टूलरूमला फिटर होते. ड्रॉइंग वाचायला मला त्यांनी शिकवलं. मी काढलेली रेघ दाखवून म्हणायचे, "कागदावर मारलीस, आता लोखंडात मारून दाव." निवृत्तीनंतर त्यांनी घरामागे पत्र्याची शेड टाकून एक जुनं लेथ आणि एक बाक मांडलं होतं. सुरुवातीची वीसेक वर्षं प्रेसशॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या मशिनांच्या आवाजात गेल्याने त्यांचे कान गेले होते. श्रवणयंत्र होतं, पण ते डबीत असायचं. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे समोर उभं राहून, तोंड उजेडाकडे करून बोलायचं.

रविवारी बायको घरी होती म्हणून मी मोटारसायकलवर निघालो. लोणावळ्यात मुंबईच्या गाड्यांची रांग लागली होती. कुरवंड्याच्या चढाला लागल्यावर ती संपली. आबांनी डबा हातात घेतला, उलटा केला, हुंगला सुद्धा.

"ह्यो कंप्यूटर?"

"हो."

"लाव बरं."

त्यांच्याकडे मॉनिटर नव्हता, पण डबा नुसता सुरू केला तरी पूर्ण जोराने चालेल अशी सोय मी करून नेली होती. दोन मिनिटांत पंखा चढला. आबांनी बाकावरचा लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टोक झाकणावर टेकवलं आणि कंप कळावा म्हणून त्याची मूठ दातात धरली. डोळे मिटून थोडा वेळ उभे राहिले.

"वाजतंय," ते म्हणाले. "लय वाजतंय. वर जातंय, खाली येतंय."

मी त्यांना आईचं सांगितलं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.  मग डबा उघडायला घेतला.

"पंख्यावर राग काढू नगंस," ते आतला पंखा बोटाने फिरवत म्हणाले. "त्यो बिचारा पळतोय. हितं ह्या नखायवढ्या जागंत ताप हाय, आन त्यो बाहीर न्यायला धातूच न्हाई. पत्रा हाय नुसता. मंग पंख्यानं पळायचं न्हाई तर काय करायचं? त्याला पळायला लागनार न्हाई असं करू."

त्यांची कल्पना साधी होती. आतला पत्रा आणि पंखा काढून टाकायचा. डब्याचं झाकणच ठेवायचं नाही. त्या जागी अॅल्युमिनियमचा मोठा ठोकळा बसवायचा, ज्याला एका बाजूने दाट पाती असतात. असा ठोकळा त्यांच्याकडे भंगारात होता, जुन्या वेल्डिंग मशीनमधला, दोन विटांएवढा. ताप त्याच्यात पसरेल आणि पाती उभी ठेवली की गरम हवा आपली आपण वर जाईल. लागलाच तर एखादा मोठा पंखा, अगदी सावकाश फिरणारा.

"ल्हान पंखा म्हंजी ल्हान कुत्रं," आबा म्हणाले. "लय भुकतं."

अडचण एकच होती. ती नखाएवढी चिप आणि ठोकळा एकमेकांना पूर्ण टेकायला हवेत. चिपच्या आजूबाजूचे भाग तिच्यापेक्षा उंच होते, म्हणून मध्ये तांब्याचा एक तुकडा लागणार होता, आणि त्याच्या दोन्ही बाजू आरशासारख्या सपाट करायला हव्या होत्या. आबांनी जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर चिकटवला, रॉकेलचे चार थेंब टाकले आणि तुकडा माझ्या हातात दिला.

"घास. आठच्या आकड्यात फिरव. दाब देऊ नगंस, हाताचं वजन बास."

पहिला रविवार त्यातच गेला. दुसरासुद्धा. मी घासायचो, आबा तुकडा हातात घेऊन पट्टी लावून उजेडाकडे धरायचे. पट्टीखालून उजेड दिसला की परत द्यायचे. बोलणं फारसं होत नसे. एकदा मात्र ते आपण होऊन म्हणाले, "घरात माझ्याम्होरंच माझ्याबद्दल बोलत्यात. सून, पोरगा. मला व्हट वाचता येत्यात हे त्यांना म्हाईत न्हाई."

"मग सांगा ना त्यांना."

"कशाला? बंद करतील बोलायचं."

तिसऱ्या रविवारी ठोकळा बसवला, मी जपून घरी आणला, मॉनिटर जोडला आणि काम लावलं. अर्ध्या मिनिटात स्क्रीनवरचा तापमानाचा आकडा चढला आणि कॉम्प्युटर बंद पडला. मला वाटलं चिप जळाली. बायको आईला भरवत होती. तिने चमचा थांबवून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा भरवायला लागली. त्या रात्री मी जुना पत्रा आणि पंखा परत लावला, काम थांबवता येत नव्हतं. पुढच्या रविवारी आबांनी तांब्याला फिटर लोक लावतात तो निळा रंग पातळ लावला आणि दाबून बघितलं. रंग नुसता कडेला उमटला होता. मध्ये खोलगट जागा होती, केसाएवढी.

"आपल्याला दिसत न्हाई, पर त्याला कळतं," आबा म्हणाले. आम्ही परत घासायला बसलो.

पाचव्या रविवारी आबा माझ्या मागे मोटारसायकलवर बसून बेगडेवाडीला आले. त्यांना स्वतः बसवायचं होतं. पावसाळा लागून तीनेक आठवडे झाले होते. त्यांनी आईला लांबून नमस्कार केला. मग चिपवर तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट टाकली, तांबं ठेवलं, ठोकळा ठेवला आणि चार स्क्रू एकेक आटा फिरवत आवळले, आलटून पालटून, डॉक्टर नाडी बघतो तसं चेहऱ्यावर काही न दाखवता. ठोकळा भिंतीला उभा टांगला. त्याच्याखाली जुन्या मशीनचा वीतभर पंखा सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यांवर बसवला, अर्ध्याच वीजदाबावर. मी सेटिंगमध्ये जाऊन चिपचा जोर थोडा बांधून टाकला. काम चाळीस मिनिटांऐवजी पंचावन्न मिनिटांत होणार होतं, पण त्याची घाई कोणाला नव्हती.

मी काम लावलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आकडा साठच्या थोडा वर जाऊन थांबला. खोलीत कसलाच आवाज नव्हता. आबांनी पात्यांवर तळहात ठेवला, मग पंख्याच्या कडेला बोटाचं टोक लावलं.

"चालूय?"

"चालू आहे."

"आता कसं?"

"आवाजच नाही, आबा."

"मला तर आदीबी नव्हता," ते म्हणाले. बायकोला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी ती हसली होती. चहा घेऊन आबा निघाले. दारात त्यांनी मला विचारलं, "आता ऐकू आल्याव काय करनारैस?"

"उठून जाईन."

त्यांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, दुपारी एकच्या सुमाराला मी काम लावून बसलो होतो. बाहेर पाऊस उघडला होता. स्टेशनवरून एक गाडी गेली आणि तिचा आवाज विरल्यावर मला खोलीत दुसरा एक आवाज ऐकू आला. मला आधी वाटलं ठोकळ्यातूनच येतोय, नवा पंखा कुठेतरी घासतोय. कान लावला. तिथून येत नव्हता.

आई रडत होती. तोंड मिटलेलं होतं आणि नाकातून बारीक सूर निघत होता, श्वास सोडताना. श्वास घेताना थांबायचा, सोडताना पुन्हा. डोळ्यांत पाणी थोडंच होतं. ती छताकडे बघत होती. मी जवळ गेलो, विचारलं, "दुखतंय का?"

"व्हय."

"पाणी देऊ?"

"व्हय."

"खांदा दुखतोय? पाय?"

"व्हय."

मी पाणी दिलं, ते तिने घेतलं. कूस बदलली, पाठीला पावडर लावली, पायाखाली उशी दिली. थोडा वेळ ती गप्प राहिली. मी टेबलाशी जाऊन बसलो आणि सूर पुन्हा सुरू झाला. तीन वाजता आपोआप थांबला आणि तिला झोप लागली.

मंगळवारी तेच झालं. बुधवारीही. मी तिन्ही दिवस काम बंद करून तिच्याजवळ बसून बघितलं. बसलो तरी ती रडायची, हात हातात घेतला तरी रडायची. फक्त माझ्याकडे न बघता.

बुधवारी संध्याकाळी मी बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती. हात न थांबवता म्हणाली, "हो."

"हो म्हणजे?"

"रडतात त्या. दुपारच्या."

"तुला माहीत होतं?"

"रविवारी तुम्ही कुरवंड्याला जात होता ना. तेव्हा घरात काही आवाज नसायचा."

"कधीपासून?"

तिने विळी आडवी केली. "त्या पडल्या त्याच आठवड्यापासून. आधी नव्हत्या रडत."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही एवढं ते घासत होता," ती म्हणाली. मग चिरलेली भाजी पातेल्यात टाकत म्हणाली, "सांगून काय केलं असतं?"

 मी पुढच्या खोलीत जाऊन बसलो. ती पडली त्या दुपारी पाऊण तास हाड वाजवत राहिली आणि तीन हातांवर बसलेल्या मुलाने वळून बघितलं नाही. मला पंखा ऐकू येत होता. तिला माझी पाठ दिसत होती. पंख्यामुळे मला ऐकू येत नाही हे तिला कळलं असेल का, हे मला आजही माहीत नाही. मी तिला नंतर बऱ्याचदा समजावून सांगितलं. मॉनिटरमागचा जुना पंखा हातात घेऊन दाखवला, की हा वाजत होता, म्हणून मला आलं नाही. ती म्हणाली, "व्हय."

डॉक्टरांना घरी बोलावलं. त्यांनी खांदा बघितला, मनासाठी एक गोळी सुरू केली, म्हणाले तीन-चार आठवडे लागतील. गोळीने तिला झोप जास्त यायला लागली. पण एक ते तीनचा सूर राहिला, थोडा आणखी बारीक.

पुढचं लिहायला मला जड जातंय. माझ्याकडे एक हेडफोन होता, मीटिंगसाठी घेतलेला, कान पूर्ण झाकणारा. जुलैच्या शेवटी एका दुपारी मी तो घातला. गाणं लावलं नाही, काही लावलं नाही. नुसता घातला. आवाज पूर्ण गेला नाही, पण लांब गेला. मी मानेने दर मिनिटाला वळून बघत होतो, ती कॉटवर आहे ना, हात पायपावर नाही ना. पहिल्या दिवशी दहा मिनिटं घातला. नंतर अर्धा तास. नंतर एक वाजायच्या आधीच माझा हात त्याच्याकडे जायला लागला. ज्या आवाजासाठी पाच रविवार घालवले तो ऐकू आल्यावर मी कान झाकून बसत होतो. जेव्हा ती हाड वाजवायची तेव्हा मी वळून बघत असल्यामुळे मला दिसायचं, आणि मी उठायचो. तेवढं मी चुकवलं नाही.

ऑगस्टात एके दिवशी कंपनीत वीज गेली म्हणून बायको दुपारीच घरी आली. मी तिला दार उघडलं नाही, कडी लावलेलीच नव्हती. मी वळलो तेव्हा ती आत उभी होती, छत्री हातात, आणि आई रडत होती आणि माझ्या कानांवर हेडफोन होता. मी तो काढायला हात वर केला.

"राहू द्या," ती म्हणाली. तिच्या ओठांवरून मला कळलं. तिने छत्री कोपऱ्यात टेकवली, आईच्या उशाशी बसली आणि तिच्या केसांतून बोटं फिरवायला लागली. मी हेडफोन काढला.  संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "मी सहाला येते. मला फक्त रविवार ऐकावा लागतो." तिच्या बोलण्यात राग नव्हता. मला राग चालला असता.

त्यानंतर मी हेडफोन घातला का? घातला. कमी घातला, पण घातला.

आई सप्टेंबरात गेली. त्या सकाळी बायकोची सुट्टी होती म्हणून मी दुरुस्त केलेलं ड्रॉइंग समजावून द्यायला तळेगावला गेलो होतो. बायको आईची वेणी घालत होती. तिने नंतर सांगितलं की आईने मान थोडी वळवली, तिला वाटलं केस ओढले गेले, म्हणून ती म्हणाली, "लागलं का आई?" आणि उत्तर आलं नाही. मी लोकलने येईपर्यंत शेजारच्या बायकांनी तिला खाली सतरंजीवर घेतलं होतं. कॉम्प्युटर बंद होता.

जलदान विधीला आबा कुरवंड्याहून आले. सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून बसले. त्रिसरण, पंचशील सुरू झालं तेव्हा ते म्हणणाऱ्यांच्या ओठांकडे एकेक करून बघत होते आणि त्यांचेही ओठ हलत होते, थोडे मागून. निघताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ठोकळा कसा चाललाय ते विचारलं नाही. मी सांगितलंही नाही.

महिन्याभराने मी परत टूलरूममध्ये जायला लागलो. तिथे मोठ्या खोलीत आठ कॉम्प्युटर आहेत, वर एसी आहे, बाजूच्या शेडमध्ये मशिनं चालतात. दिवसभर सगळ्याचा मिळून एकच आवाज येत राहतो. मला तिथे बरं वाटतं, हे मी बायकोला सांगितलं नाही, पण तिला माहीत असावं.

दिवाळीच्या आधी पलीकडच्या गल्लीतल्या एका माणसाला झटका आला. त्याचा मुलगा आमच्याकडे आला, माझ्याच वयाचा, एका शोरूममध्ये गाड्या विकणारा. कॉट द्याल का म्हणाला. आम्ही दोघांनी ती सुटी करून नेली आणि त्यांच्या पुढच्या खोलीत पुन्हा जोडली. त्याचे वडील खुर्चीत बसून बघत होते. त्यांचं तोंड डावीकडे ओढलं गेलं होतं.

"काय काय बघावं लागतं?" मुलाने मला विचारलं. तो वहीत लिहून घेणार होता.

मी त्याला सांगितलं. दर दोन तासांनी कूस बदला. चादरीला सुरकुती ठेवू नका. कॉट भिंतीपासून लांब ठेवा आणि दोन्ही बाजूंना फळी बांधा. भरवताना डोकं उंच ठेवा, घाई करू नका. त्याने सगळं लिहून घेतलं आणि वर बघून विचारलं, "अजून काही?"

त्याची बायको आतल्या दारात उभी होती. वडील आमच्या तिघांकडे आळीपाळीने बघत होते.

"एवढंच," मी म्हणालो, आणि मागच्या पायाचा एक नट सैल वाटला म्हणून पान्हा घेऊन खाली बसलो.